नमुना सही

बबनरावांच्या शेअर्सचा वाद तीन वर्षांनी ऑनलाइन सुनावणीला आला. पिंपरीच्या कंपनीनं ब्याण्णव साली कामगारांना दिलेले शेअर्स, पण सही जुळत नाही म्हणून अडकलेले. काळेवाडीतल्या घरात लेक तनुजानं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. मध्यस्थ बाईंनी मूळ अर्जावरची सही स्क्रीनवर आणली. पाटीवर गिरवावीत तशी मोठाली अक्षरं, पोट फुगलेले दोन ‘ब’.

“काका, ही सही तुमचीच ना?”

“हो म्हणा, आण्णा,” तनुजा कुजबुजली.

बबनरावांनी चष्मा पुसला आणि ते स्क्रीनजवळ सरकले.

“न्हाई मॅडम. ही आमच्या मंडळीची. शेवटच्या तारखेला मी डबल शिफ्टला होतो. तिनंच फॉर्म भरून दिला असंल.”

“अहो काका, असं सांगितलंत तर तुमचा दावा अडचणीत येईल.”

“येऊ द्या. त्या कागदाची एक झेरॉक्स तेवढी मिळंल का?”

“ती कशाला?”

“जाईपर्यंत तिनं कधी तोंडानं माझं नाव घेतलं न्हाई, मॅडम. लिहिलं व्हतं, हे आज कळलं.”