सिद्धांताचे अपवाद

दार देवरे सरांनीच उघडलं. बाहेर त्यांच्या वर्गातली चार पोरं उभी होती. वेदिकानं त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "मॅडम आहेत ना, सर?"

सरांना ते झोंबलं. अर्थशास्त्राचे विभागप्रमुख ते. परीक्षा त्यांच्या विषयाची, शंका त्यांच्या विषयातल्या, घरही त्यांचंच, आणि रविवारी सकाळी पोरं विचारतात कुणाला, तर मॅडमना! गेल्या रविवारी त्यांच्या बायकोनं, रोहिणीनं, चहाचे कप ठेवता ठेवता मागणीचा वक्र समजावून दिला होता, तेव्हापासून हे खूळ लागलं होतं. तीही अर्थशास्त्रच शिकवायची, पण तिच्या कॉलेजनं जूनपासून तिचे तास बंद केले होते. सरांच्या विभागात तासिका तत्त्वावरची एक जागा रिकामी होती. नाव सरांनीच सुचवायचं होतं, आणि तेही उद्याच. तिनं एकदा विचारून पाहिलं होतं. सर "बघू" म्हणाले होते.

"मॅडम कामात आहेत," सर म्हणाले. "बसा. काय अडलंय?"

"घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत, सर."

सर खुलले. हा तर त्यांचा हातखंडा विषय. त्यांनी कोपऱ्यातला पांढरा फळा पुढे ओढला. "एखाद्या वस्तूचे नग आपण एकामागून एक वापरत गेलो, की प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारं समाधान कमी कमी होत जातं. नग एकसारखे हवेत. मध्ये खंड नको." मग गृहीतं झाली, कोष्टक झालं, खाली उतरत जाणारी रेषा झाली. पोरं नंदीबैलासारखी माना हलवत होती. योगेशनं एक जांभई गिळली.

"समजलं?"

"हो सर," सगळे एका सुरात म्हणाले. वह्या कोऱ्याच होत्या.

आतून भाजणीचा खमंग वास आला आणि पाठोपाठ ताट घेऊन रोहिणी. "हॉस्टेलची पोरं, उपाशीच आली असणार," असं म्हणत तिनं पहिलं थालीपीठ योगेशला वाढलं. तो नामपूरचा, खायला लाजणारा नव्हता. लोण्यासकट दोन घासांत फस्त.

"कसं झालंय?"

"लय भारी, मॅडम!"

दुसऱ्याला तो "मस्त" म्हणाला. तिसऱ्याला नुसतं "चांगलंय." चौथं ताटात पडायच्या आधीच त्यानं दोन्ही हात आडवे धरले. "नको मॅडम. नाय जाणार आता."

"का रे? बिघडलं का थालीपीठ?"

"नाय, थालीपीठ तेच हाय, पण मी..." तो थांबला. त्यानं फळ्याकडं पाहिलं. "आयला! म्हंजी ती उतरती रेषा म्हंजी माझं पोटच की!"

पोरं खो खो हसली आणि भराभर लिहू लागली. सरही हसले, हसणं भागच होतं. थालीपीठ न खाताच त्यांच्या पोटात दुखायला लागलं होतं. एवढा वेळ घसा कोरडा केला तो आपण, आणि प्रकाश पडला तो हिच्या तव्यामुळं!

"ठीक आहे, खाण्यापुरतं ठीक आहे," ते म्हणाले. "पण परीक्षेत सिद्धांताचे अपवाद विचारतात. ते काही तव्यावर भाजून निघत नाहीत. सांग वेदिका."

"कंजूस माणसाचा पैसा. दारुड्याची दारू. छंद म्हणून जमवलेली नाणी..." ती अडखळली.

सरांनी रोहिणीकडे पाहिलं. ती वाकून ताटं गोळा करत होती. त्यांना जोर चढला. "कौतुक! कितीही मिळालं तरी माणसाला आणखी हवंच असतं. त्याची उपयोगिता घटत नाही."

वेदिकानं लिहून घेतलं आणि मान वळवून विचारलं, "खरंच तसं असतं, मॅडम?"

रोहिणीनं ओढणीला हात पुसले. "पुस्तकात तसं आहे खरं," ती म्हणाली. "माझ्यापुरतं विचारशील, तर पहिला नग मिळाला की सांगते."

सर फळा पुसायला लागले.

निघताना योगेश उंबऱ्यात घुटमळला. "सर, आपल्याकडं तासावरची एक जागा खाली हाय म्हणत्यात. मॅडमचं नाव द्या ना."

"घरच्या माणसाचं नाव आपणच सुचवणं बरं दिसत नाही," सर म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

लोक काही म्हणणार नव्हते. हे सरांना ठाऊक होतं, आणि आत भांडी आवरणाऱ्या रोहिणीलाही.

दार लावून ते स्वयंपाकघरात आले. तिनं त्यांना ताट वाढलं. कडेनं कुरकुरीत, आत मऊ, मीठ-तिखट जिथल्या तिथं. "झकास" हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात खालून, गाडीला किक मारता मारता, योगेशचा आवाज आला, "काय बी म्हण, मॅडम म्हंजी मॅडम!"

"मीठ कमी आहे," सर म्हणाले.

रोहिणीनं मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. उद्या कुणाचं नाव देणार, हे काही तिनं विचारलं नाही. ती समोर उभी होती, म्हणून सरांनी थालीपिठावर चांगलं चिमूटभर मीठ भुरभुरवलं, आणि ते खारट थालीपीठ शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.