व्हर्ननची मिशी

"चंद्रावर जातायत म्हणे! सरकारने आमच्या कराच्या पैशाची नुसती होळी केली. हे रॉकेटचं धूड जन्मात उडायचं नाही. उडालंच, तर मिशी भादरीन!" फ्लोरिडातल्या व्हर्ननने ओहायोतल्या कुणा अनोळखी माणसाला लॅपटॉपवरून ठणकावलं.

"व्हर्नन, बाहेर ये की! खाडीपलीकडे उलटी मोजणी संपत आली, सगळी आळी खुर्च्या टाकून बसलीय," बायकोने अंगणातून हाक मारली.

"थांब गं, आधी याचं तोंड बंद करतो."

तेवढ्यात तावदानं खडखडली, भिंतीवरचा लग्नाचा फोटो खाली आला. ओहायोवाल्याने लिहिलं, "उडालं की हो काका! टीव्हीवर बघतोय. काढा वस्तरा!"

व्हर्ननने हादरणारं टेबल एका हाताने घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने उत्तर बडवलं,


"उडालं कशावरून? पुरावा दाखव!"