रेडिओतली बाई

१९५७ साली तलावातल्या मासेमारीवर बोलायला बा सावलीहून आमच्या रेडिओ केंद्रावर आला. मुलाखत मीच घेणार होते. नातं कळू नये म्हणून मी त्याला बजावलं, "इथं मला बाई म्हणायचं."

सगळ्या पाहुण्यांना विचारते तसं विचारलं, "लटारूभाऊ, आपल्याला मुलंबाळं किती?"

"एकच पोरगी हाय, बाई. रेडिओत बोलते. तुमी ओळखत असान."

मी म्हणाले, "बरं. आपलं जाळं किती हात लांब असतं?"

आठवड्यात बा वारला. तेरवीच्या संध्याकाळी सावलीत पंचायतीच्या रेडिओवर ती मुलाखत लागली.

शेजारच्या डोमाकाकांनी मला विचारलं, "काऊन वो, त्या बाईनं जबाब नाई देल्ला?"

 

मी रेडिओकडे वळून म्हणाले, "बा, मीच तुही पोरगी."