दुपारची झोप

रात्रपाळीच्या नवऱ्याने घड्याळ, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर असं तिन्ही एकात असलेलं यंत्र आणलं. "ठरल्या वेळी आपोआप वाजतं गं, आवाजसुद्धा भरून घेतं," म्हणत दिवसभर बटणं दाबून ते उशाशी लावलं.

तेव्हापासून स्वारी दुपारभर परसदाराकडच्या खोलीत कडी घालून अशी घोरायची, की भिंतींनी कान झाकावेत! त्याची झोप मोडू नये म्हणून बायकोने दुपारचं शिलाई मशीन बंद ठेवलं. कपडे वेळेवर मिळेनात, तशी तिची गिऱ्हाइकं समोरच्या टेलरकडे वळली. "रात्रभर राबतात हो बिचारे," ती म्हणायची.

आज ती बाहेर हातशिलाई करत बसली होती. आतून घोरण्याच्या मधेच एका बाईचा आवाज आला. सुई बोटात घुसली. आवाज तिचाच होता.

"अहो, उठा आता, चहा निवतोय!" मग टेप संपून बटण खट्कन उडालं आणि घोरणंही थांबलं.