दहा वर्षांची गॅरंटी

गॅरेजच्या फरशीवर इपॉक्सीचा चकचकीत थर द्यायचं कोटेशन नानाजी आठ दिवस उलटून-पालटून पाहत होते. "एकदा वाळलं की दहा वर्षं जसंच्या तसं," ठेकेदार जितेंद्र छातीठोकपणे सांगायचा. शेवटी नानाजी म्हणाले, "आधी दारापाशी चटईएवढा नमुना करून दाखव गा. आवडला, तरच काम तुले."

जितेंद्रने सकाळी जीव ओतून आरशासारखा नमुना केला आणि संध्याकाळपर्यंत कोणी पाय ठेवू नका, असं बजावून गेला.

संध्याकाळी येऊन पाहतो तर नमुन्यावर गाईच्या खुरांचे सात ठसे! नानाजी बायकोवर उखडले होते, "काहून उघडलं वं फाटक?" कुसुमताईंनी रोजच्या नेमाने गाईला पोळी दिली होती. नानाजींनी जितेंद्रला कोटेशन परत दिलं. जितेंद्रचा चेहरा पडला.

कुसुमताई मात्र त्या ठशांना हळदीकुंकू वाहत होत्या. चातुर्मासात रोज तेहेतीस गोपद्मं, गाईची पावलं, रांगोळीने काढून त्यांचे गुडघे धरले होते.



"दहा वर्षं पुसत नाही म्हणता ना, भाऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "मग काम तुमचंच. फक्त उद्या तेहेतीस पावलं मावतील एवढं ओलं ठेवा."