लंडनच्या वाटेवरची संकष्टी

"ताई, चंद्र कधी दिसेल?" टिल्लूंनी हवाई सुंदरीला विचारलं. घड्याळात मुंबईचे रात्रीचे नऊ वाजले होते आणि विमानाच्या खिडकीत लख्ख ऊन होतं.

"काका, दुपारपासून आपण सूर्याच्या मागेच चाललोय. लंडनला उतरेपर्यंत दिवसच राहील," असं म्हणत ती जेवणाचं ताट ठेवून गेली.

टिल्लू हबकले. त्यांची बायको जन्मभर संकष्टी करायची आणि हे तिच्या वाट्याचीही खिचडी चापायचे. "तुम्हाला एक तरी उपास जमेल का?" असं ती हसून विचारायची. ती गेल्यानंतरची ही पहिलीच संकष्टी, म्हणून त्यांनी हट्टानं उपास धरला होता.

शेजारचा धिप्पाड कोल्हापूरकर जेवता जेवता म्हणाला, "मुंबईत उगवला असंल की! सोडा उपास."

"माझी बायको चंद्र बघितल्याशिवाय जेवत नसे. मी असाच जेवलो, तर तिचंच म्हणणं खरं ठरेल."

कोल्हापूरकरानं हातातला घास खाली ठेवला आणि ताट झाकलं.

"अहो, तुम्ही जेवा."

"तुमच्यापुढं घास उतरंल व्हय?" त्यानं उन्हाकडं डोळे वटारले. "बघूयाच, ह्यो दिवस किती टिकतोय!"