न्यू जर्सीचा कायदा

"दादा म्हणतोय, आत गेल्या गेल्या बँकरप्सी हा शब्द काढायचा," फोनवर हात ठेवून यतीन म्हणाला. "तो कानावर पडला की जजला घराला हात लावता येत नाही."

"कुठल्या जजला?" आसावरीने विचारलं.

यतीन पुन्हा फोनला चिकटला. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या कोर्टात दुपारचे दोन वाजत आले होते, आणि पुरुषोत्तमदादा, म्हणजे यतीनचा थोरला भाऊ, तिकडे न्यू जर्सीत गाडीने ऑफिसला निघाला होता. या दादाने दोन वर्षांपूर्वी बँकरप्सी घेतली, म्हणजे दिवाळखोरी जाहीर केली, थकलेलं मॉर्गेज हळूहळू फेडायची मुभा मिळवली आणि घर राखलं. छानच झालं. पण तेव्हापासून त्याला वाटायला लागलं, की जगातल्या प्रत्येक घराला हेच औषध लागू पडतं. मंदीत यतीनचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, नव्या नोकरीत पगार निम्मा झाला, हप्ते थकले, आणि दादाने उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. बँकेची पत्रं उघडू नकोस, त्यांचे फोन घेऊ नकोस, सरळ बँकरप्सी टाक. एरवी टोस्टर घ्यायचा तरी तीन दुकानं पालथी घालणारा यतीन हे सगळं निमूट ऐकत राहिला. आज घराचा ताबा मागायला आलेला बँकेचा वकील समोरच्या बाकावर बसून सँडविच खात होता.

कोपऱ्यातल्या टेबलाशी लोकांना फुकट सल्ला देणारी एक बाई होती. आसावरी एकटीच तिच्याकडे गेली. तिने बँकरप्सीचं विचारलं, तशी बाईने कागद चाळले.

"बँकरप्सीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या दिरांनी. अमेरिकेत असतात."

"मग तुमचं घरही तिकडेच हवं होतं," बाई म्हणाली. "इथे बँकरप्ट झालात तर थकलेलं मॉर्गेज काही पुसलं जात नाही. उलट घरातला तुमचा वाटा देणी फेडायला नेमलेल्या ट्रस्टीच्या हातात जातो, आणि तो घर विकायला काढू शकतो. त्यापेक्षा आत जा. चालू हप्ता आणि थकलेल्यातलं थोडं थोडं, दर महिन्याला काय जमेल ते सांगा. पैसे कुठून आणणार तेही सांगा. जज ऐकतात. पण त्यासाठी आत जावं लागतं."

इतकं साधं होतं हे. आसावरीच्या अंगाचा तिळपापड झाला. लंकेत सोन्याच्या विटा, त्याचा स्लाऊला काय उपयोग, असं तिने यतीनला महिनोन् महिने सांगून पाहिलं होतं. पण बायकोला कायदा कळत नाही, तो फक्त दादाला कळतो.

तेवढ्यात टिपणीसांचं नाव पुकारलं.

"यतीन, चल."

त्याने एक बोट वर केलं.

"अरे, आपलं नाव घेतलंय."

"एक मिनिट गं. दादा बोगद्याच्या रांगेत अडकलाय, आत शिरला की लाईन जाईल. नेमकं वाक्य लिहून घेतो."

नाव पुन्हा पुकारलं. आसावरीने त्याच्या मांडीवरची फाईल उचलली आणि ती आत गेली.

आत ना टोप घातलेला जज, ना कठडा. एक लांब टेबल, त्याच्या टोकाशी चष्म्यातले एक थकलेले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "तुमचे पती?"

"बाहेर आहेत. फोनवर."

वकिलाने लगेच सांगून टाकलं, की बँकेच्या एकाही पत्राला उत्तर आलेलं नाही. जज फाईलमधला खर्चाचा कागद बघत राहिले. मग एका ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"दर महिन्याला इंडियाला जाणारी ही एवढी रक्कम कसली?"

"नाशिकच्या फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता. सासू-सासरे राहतात तिथे. कर्ज दोघा भावांच्या नावावर आहे."

"दोघांच्या नावावर आहे, तर सगळा हप्ता तुम्ही का भरता?"

हाच प्रश्न ती घरात विचारायला गेली की यतीन टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"मोठ्या भावाची बँकरप्सी चालू आहे. तिचे हप्ते फिटेपर्यंत त्यांना पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून त्यांचा अर्धा हप्ताही आम्हीच भरतो."

इंग्रजीत, परक्या माणसासमोर बोलताना ते वाक्य इतकं खुळ्यासारखं वाटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. आपलं घर घालवून दुसऱ्याचं राखायचं, आणि वर त्याचाच सल्ला घ्यायचा.

"आणि यापुढे?" जजनी विचारलं.

तिने यतीनला विचारलेलं नव्हतं. दारापलीकडे त्याचा हुंकार ऐकू येत होता, हो दादा, बरं दादा.

"यापुढे फक्त आमचा अर्धा. उरलेले पैसे मॉर्गेजला."

वकिलाने हिशेब केला आणि नाराजीनेच मान हलवली. जजनी सांगितलं, की हप्ते वेळेवर भरले जातील तोवर घर तुमच्याकडे राहील. एक जरी चुकला तर बँक ताबा घ्यायला मोकळी. "चुकवू नका," ते म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

ती बाहेर आली तेव्हा यतीन लगबगीने उठला. "कुठे गेली होतीस? हे बघ, वाक्य अगदी शब्दन् शब्द लिहून घेतलंय. दादा म्हणतोय—"

आसावरीने त्याच्या हातातला फोन घेतला.

"भाऊजी, आसावरी बोलतेय. आमचं घर राहिलं. नाशिकच्या फ्लॅटचा तुमचा अर्धा हप्ता या महिन्यापासून तुम्ही भरा. मी जजसमोर सांगून आलेय."

यतीनने फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"अगं, पण मला कसं जमेल?" दादा म्हणाला. "मी बँकरप्ट आहे."

"ठाऊक आहे, भाऊजी," आसावरी म्हणाली. "दोन वर्षं तुमची बँकरप्सी आम्हीच भरतोय."